माणशी एक प्रभावळकर

चिमणराव, नंदू, तात्या विंचू, आबा टिपरे, गांधीजी आणि आता बाबुली मेस्त्री... पन्नास वर्षं हा माणूस आपल्या घरात येतोय आणि दर वेळी दुसराच कुणीतरी होऊन येतोय!

इंटरव्हल झाला, दिवे लागले आणि आमच्या रांगेत चक्क भांडण सुरू झालं.

सप्टेंबर २०२५, रविवारची दुपार, ठाण्यातलं मल्टिप्लेक्स आणि पडद्यावर ‘दशावतार’. आमच्या घरातल्या चार पिढ्या एकाच सिनेमाला एकत्र, हीच मुळात ब्रेकिंग न्यूज. आजी चष्मा पुसत म्हणाली, “चिमणराव किती थकला गं!” झालं, ठिणगी पडली. आई लगेच वळली. “चिमणराव काय आई, नंदू म्हणा नंदू! ‘चौकट राजा’ बघून मी दोन दिवस रडत होते.” दादाचं मत एका शब्दात : “तात्या विंचू.” मी ‘टिपरे’ जनरेशनची, त्यामुळे माझ्यासाठी ते आबा. आणि आठ वर्षांचा आमचा पुतण्या सगळ्यांवर वैतागलेला. त्याच्या दृष्टीने समोर होता तो बाबुली, विषय संपला!

पॉपकॉर्न संपेपर्यंत वाद चालला, पण गंमत बघा, दिलीप प्रभावळकर हे नाव कुणीच घेतलं नाही. घेतलं ते बाबांनी, आणि तेसुद्धा फार उशिरा. त्याबद्दल पुढे सांगतेच.

त्या रात्री मला झोप लागेना. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला सध्या एकच टेन्शन आहे, आपली ‘इमेज’. बायोडेटात काय लिहायचं, प्रोफाइलवर फोटो कुठला, लोकांनी आपल्याला नेमकं कशासाठी ओळखायचं! आणि इथे एक माणूस, की ज्याची इमेजच नाही. म्हणजे आहेत, पण इतक्या, की त्या एकमेकींना ओळखतसुद्धा नाहीत. असं करिअर होतं तरी कसं?

दिवसा औषधं, रात्री नाटक

जन्म ४ ऑगस्ट १९४४. शिक्षण बायोफिजिक्सचं आणि नोकरी औषध कंपनीत. हो, तुमच्याआमच्यासारखी नोकरी! अॅक्टिंग स्कूल, गॉडफादर, फिल्मी खानदान असलं काही नाही. त्या काळातल्या मराठी रंगभूमीची ही एक जातच होती. दिवसभर बँकेत, कारखान्यात, मंत्रालयात राबायचं आणि संध्याकाळी तालमीला पळायचं. प्रभावळकर त्यातलेच. रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात, ‘अलबत्या गलबत्या’मध्ये, त्यांनी चेटकीण केली होती. ज्या वयात आपण लोकांना सांगतो की मला सीरियसली घ्या, त्या वयात हे गृहस्थ झिंज्या सोडून पोरांना घाबरवत होते.

मग आला टीव्ही. मुंबई दूरदर्शन सुरू झालं १९७२ मध्ये आणि १९७७ मध्ये चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ छोट्या पडद्यावर आले. चिमणराव प्रभावळकर, गुंड्याभाऊ बाळ कर्वे. चॅनल एकच, रंगही दोनच, काळा नि पांढरा. आजी सांगते, “आमच्या मजल्यावर एकट्या नेन्यांकडे टीव्ही. त्या दिवशी त्यांच्या दारात चपलांचा ढीग बघावा!” पुस्तकातला चिमणराव तोपर्यंत ज्याने त्याने आपापल्या डोक्यात रंगवलेला. आजी म्हणते, पहिल्या एपिसोडनंतर डोक्यातला पुसला गेला आणि हाच राहिला. १९७९ मध्ये त्यावर सिनेमाही आला.

खरं तर इथेच ही गोष्ट संपू शकली असती. टीव्हीने एकदा चेहरा दिला की तो उतरवता येत नाही, हे आपण रोज बघतो. सासू एकदा झाली की ती बिचारी जन्मभर सासू! चिमणराव झालेल्या नटाने पुढची तीस वर्षं त्याच बावळट-भाबड्या माणसाची वेगवेगळी नावं लावून पोट भरलं असतं, तरी कुणी नावं ठेवली नसती. उलट लोकांना तेच हवं असतं.

कुशीत घेणारा आणि कुशीत शिरणारा

माझ्या मते त्यांच्या करिअरचा खरा कस लागला तो ऐंशीचं दशक संपता संपता. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ नाटकात ते बाप होते. मतिमंद मुलाचा, थकलेला, आतून पिचलेला बाप. मुलगा झाला होता अतुल परचुरे. आणि १९९१ मध्ये, संजय सूरकर दिग्दर्शित ‘चौकट राजा’मध्ये, ते स्वतःच तसा मुलगा झाले. नंदू! त्या भूमिकेसाठी आधी परेश रावल यांचं नाव होतं, ती प्रभावळकरांकडे आली ऐनवेळी. वय तेव्हा सत्तेचाळिशीच्या घरात. आई सुलभा देशपांडे, गणा अशोक सराफ, मीनल स्मिता तळवलकर.

मी ‘चौकट राजा’ पुन्हा बघितला, या लेखासाठी. थोडी धास्ती होती, कारण अशा भूमिका वीस-तीस वर्षांनी फार केविलवाण्या दिसतात. हातवारे जास्त, माणूस कमी. सिनेमा काही ठिकाणी जुना वाटला, हे खरंच. पण नंदू नाही वाटला. तो आपल्याकडे दया मागतच नाही. तो खुश होतो तेव्हा लहान मूल होऊन खुश होतो आणि रुसतो तेव्हा त्याचा थोडा रागसुद्धा येतो आपल्याला. ‘नातीगोती’तल्या बापाने अशा मुलाकडे रोज रात्री इतकं जवळून बघितलेलं, त्याचा उपयोग झालाच असणार, असं मला आपलं वाटतं.

बरं, मग काय केलं? आणखी चार नंदू? छे! ‘हसवाफसवी’ नावाचं नाटक स्वतः लिहिलं आणि एकाच प्रयोगात सहा भूमिका केल्या. त्यातले वृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर अजून लोकांच्या तोंडी आहेत. पुढे पुष्कर श्रोत्रीने हे नाटक पुन्हा आणलं, पण ‘सहा भूमिका’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर आधी प्रभावळकरच येतात.

आणि १९९३ मध्ये ‘झपाटलेला’! महेश कोठारेंचा सिनेमा, लक्ष्मीकांत बेर्डे हिरो, आणि आमच्या दादाच्या बालपणीची झोप उडवणारा तात्या विंचू. गंमत अशी की हाडामांसाचा तात्या पडद्यावर दिसतो जेमतेम सुरुवातीला. त्यानंतर असतो तो रामदास पाध्येंचा बाहुला. नटाचा चेहराच काढून घेतला, तरी नट लक्षात राहिला. मला नाही वाटत हे कुठल्या सुपरस्टारला जमेल.

शुक्रवारचे आबा, पिक्चरमधला डॉन

आता माझे आबा. ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ २००१ ते २००५ अल्फा मराठीवर होती. मध्येच चॅनलचं नाव झी मराठी झालं, मालिका तीच राहिली. मी तेव्हा इतकी लहान होते की निम्मे विनोद कळायचेच नाहीत. पण नातवाची बाजू घेणारे आजोबा कळायचे, आणि श्यामलाच्या स्वयंपाकघरातला आवाज आमच्याच घरातला वाटायचा. केदार शिंदेंचं दिग्दर्शन. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम, रेश्मा नाईक अशी घट्ट टीम. आणि मूळ लिखाण कुणाचं? प्रभावळकरांचंच. ‘अनुदिनी’ हे त्यांचं सदर, नंतर पुस्तक. घरातल्या प्रत्येकाची डायरी त्यांनी स्वतः लिहिली होती. म्हणजे आबा ते पडद्यावर झाले, पण कागदावर अख्खं टिपरे कुटुंब तेच! (‘बोक्या सातबंडे’ही त्यांचाच. एका माणसाने किती करावं!)

याच काळात, २००२ मध्ये, ‘एन्काउंटर : द किलिंग’ हा हिंदी सिनेमा आला. समोर नसिरुद्दीन शाह आणि आबा त्यात चक्क गँगस्टर, पुनप्पा. घरी गोड आजोबा आणि थिएटरमध्ये थंड डोळ्यांचा डॉन, एकाच वर्षी. आज एखाद्या चॅनलने कॉन्ट्रॅक्टमध्ये तरी चालवून घेतलं असतं का?

२००६ मध्ये ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधीजी आले आणि उरलेला भारतही त्यांना ओळखायला लागला. ‘लगे रहो...’ आणि गजेंद्र अहिरेंचा ‘शेवरी’, या दोन्हींसाठी मिळून सहाय्यक अभिनेत्याचं राष्ट्रीय पारितोषिक. इथे माझी एक तक्रार आहे. सहाय्यक! गांधीजींनंतर हिंदीने त्यांना नीट वापरलं नाहीच, पण मराठीनेही कित्येकदा त्यांना लोणच्यासारखं वाढलं. चव येण्यापुरतं, पानाच्या कडेला. ‘देऊळ’मधले अण्णा, ‘नारबाची वाडी’मधले नारोबा अशी माणसं हाती लागली की बहार यायची. पण ज्याला कुठलीही एक इमेज नाही, त्याच्या नावावर पोस्टर कोण काढणार? इमेज नसण्याची ही किंमत असते आणि ती त्यांनी बरीच वर्षं मोजली.

आधी म्हातारे, मग तरुण

पोस्टर निघालं ते थेट ‘दशावतार’चं. वय वर्षं ८१! सुबोध खानोलकर दिग्दर्शित हा सिनेमा १२ सप्टेंबर २०२५ ला लागला. कोकणातला एक दशावतारी कलावंत, बाबुली मेस्त्री. दृष्टी अधू होत चाललेली आणि मुलगा माधव म्हणतोय, बाबा आता पुरे. गोष्ट सांगत नाही, बघितला नसेल तर बघा. उत्तरार्ध थोडा ताणलाय आणि खलनायक मंडळी जरा ठोकळेबाज आहेत, तेवढं सोडून द्या.

मजा कशात आहे सांगू? मतकरींच्या ‘आरण्यक’मध्ये प्रभावळकर विदुर झाले ते १९७४ साली, म्हणजे तिशीत. युद्ध संपल्यानंतरचा थकला-भागला विदुर. हेरंबकर झाले तेव्हा पन्नाशीही नव्हती. आबा झाले तेव्हा निवृत्तीचं वयसुद्धा आलं नव्हतं. आयुष्यभर उसनं म्हातारपण आणलं. २०१८ मध्ये ‘आरण्यक’ पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हा ४४ वर्षांनी तोच विदुर त्यांनी पुन्हा केला, या वेळी स्वतःच्या वयात. आणि आता खरंखुरं म्हातारपण आल्यावर बाबुलीच्या अंगात दशावतारातली एकेक सोंगं भरायची आणि तरुण व्हायचं!

शो सुटल्यावर पार्किंगमध्ये बाबा पहिल्यांदा बोलले. बाबा बँकेत होते. लग्नाआधी आंतरबँक एकांकिका स्पर्धेत कामं करायचे, मग प्रमोशन आलं, बदली आली आणि मेकअपची पेटी माळ्यावर गेली. त्यावर ते कधीच बोलत नाहीत.

“प्रभावळकरांची पाठ बघितलीस?” म्हणाले.

“पाठ?”

“चेहरा काय, रंग लावला की बदलतो. पण घरातला बाबुली आणि रंग लावलेला बाबुली, दोघांची पाठ वेगळी आहे. त्या वयात पाठ बदलणं...” पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. किल्ली शोधायला लागले. मग गाडीत बसताना म्हणाले, “तेही नोकरी करायचे, माहितीय ना?”

मी नुसती मान हलवली.

रात्री पुतण्याने हट्टच धरला, म्हणून त्याला ‘झपाटलेला’ची सुरुवात लावून दिली आणि तात्या विंचूवर थांबवून म्हटलं, “हा बघ तुझा बाबुली.” त्याने टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग परत टीव्हीकडे.

“आत्या, तू खोटं बोलतेस,” तो म्हणाला. आणि झोपताना लाइट चालूच ठेवायला लावला.