क्लाराच्या घरातला पियानो

मैत्रिणींनो, ठाण्यापासून कल्याणपर्यंत ब्लॉकमध्ये राहणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको, की भिंती पातळ असतात! माझी पेटी वाजते ती सगळ्यांच्या वेळा सांभाळून. दुपारी सासूबाईंची झोप, रात्री लेकाचा अभ्यास. मधला तासभर माझा, तोही पाहुणे नसले तर. म्हणूनच की काय, क्लारा शूमानबद्दल वाचताना मैफलींपेक्षा तिच्या घरातच माझं मन जास्त अडकलं.

क्लाराचा जन्म १८१९चा, जर्मनीतल्या लाइपझिगचा. वडील पियानोचे नामांकित शिक्षक, शिस्तीला भलतेच कडक. आई लेकीच्या पाचव्या वर्षीच घर सोडून गेली, पोर वडिलांकडे राहिली. नवव्या वर्षी तिनं शहरातल्या मोठ्या सभागृहात वाजवलं. सोळाव्या वर्षी तिथंच स्वतः रचलेला कन्चेर्टो सादर केला, तोही मेंडेल्सझोनच्या संचालनाखाली! पुढे वडिलांचाच विद्यार्थी रोबर्ट शूमान तिच्या प्रेमात पडला. वडिलांचा ठाम नकार. प्रकरण कोर्टात गेलं आणि १८४०मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी लग्न लागलं. सगळं अगदी सिनेमात शोभेल असं.

खरी गोष्ट सुरू होते ती त्यानंतर. रोबर्ट संगीत रचायला बसला की क्लारानं पियानोला हात लावायचा नाही, कारण आवाज आरपार जायचा. तो घराबाहेर पडला की हिचा रियाज. त्यात १८४१ ते १८५४ या काळात आठ बाळंतपणं. एक मूल तान्हेपणीच गेलं. १८४९मध्ये ड्रेस्डेनला बंड उसळलं, तेव्हा नवरा आणि थोरली मुलगी सुखरूप बाहेर काढून, सातव्या महिन्यातली ही बाई मागे राहिलेल्या लेकरांना आणायला पुन्हा त्या पेटलेल्या शहरात शिरली. आणि याच धबडग्यात, १८४६मध्ये, तिनं पियानो, व्हायोलिन आणि चेलोसाठी एक 'ट्रिओ' लिहिला. यूट्यूबवर आहे, जरूर ऐका. त्यातला संथ भाग मी भाजी निवडताना लावला होता. भाजी तशीच राहिली.

तरीही ऐन विशीत तिनं डायरीत लिहून ठेवलं होतं, की बाईनं संगीत रचायची इच्छा धरू नये. हे तिच्याकडून कुणी दम देऊन लिहून घेतलं नव्हतं, याचंच मला जास्त वाईट वाटतं.

१८५४मध्ये रोबर्टचं मन ढासळलं. त्यानं ऱ्हाइन नदीत उडी घेतली, वाचला, पण पुढची दोन वर्षं मनोरुग्णालयात काढून गेला. डॉक्टरांनी क्लाराला त्याची भेट घेऊ दिली ती अगदी अखेरच्या दिवसांत. पदरात सात मुलं, वय छत्तीस. तिनं मैफलींचे दौरे काढून घर चालवलं.

आपल्या मोगूबाई कुर्डीकर आठवल्या. १९३९मध्ये वैधव्य आलं, तीन मुलं पदरात. पण गाणं सोडलं नाही आणि किशोरीताईंना घडवलं. क्लाराच्याही दोन मुली पुढे फ्रँकफर्टला तिच्या हाताखाली पियानो शिकवू लागल्या.

क्लारानं युरोपभर तेराशेहून जास्त कार्यक्रम केले. रोबर्टच्या रचना जगापुढे नेल्या त्या तिनंच. स्वतःचं रचणं मात्र जवळजवळ थांबलं. १८९६मध्ये ती गेली, म्हणजे नवऱ्यामागे चाळीस वर्षं. त्या चाळीस वर्षांत तिनं काय काय लिहिलं असतं, याचा हिशेब मी उगाच घालत बसते. जर्मनीनं पुढे शंभर मार्कांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं. युरो येईपर्यंत ती नोट चालत होती. पुढच्या बाजूला क्लारा, मागच्या बाजूला पियानो.