दुखणे एक, अर्थ अनेक

अशी कल्पना करा. लग्नघरात पंगत बसली आहे. वाढता वाढता वीस-बावीस वर्षांची एक मुलगी एकाएकी खाली कोसळते. हातपाय ताठ होतात, डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो. क्षणात गर्दी जमते. कुणी चप्पल नाकाशी धरते, कुणी कांदा फोडायला धावते, कुणी दातांत चमचा घालू पाहते. मागे उभ्या असलेल्या एक आजी पुटपुटतात, "बाहेरचं काही तरी असणार." मुलीचे काका डॉक्टर असतात, ते हलक्या आवाजात 'एपिलेप्सी' म्हणतात. आई मात्र पाहुण्यांकडे पाहत घाईघाईने सांगते, "काही नाही हो, उपवासानं चक्कर आली."

दोन मिनिटांच्या एकाच घटनेचे हे तीन अर्थ झाले. शास्त्राच्या दृष्टीने काकांचे म्हणणे बरोबर आहे. मेंदूतील पेशींमधील विद्युत संदेशांचा तोल अचानक बिघडला की आकडी येते. परंतु त्या मुलीला उद्यापासून औषध मिळेल की नाही, हे काकांच्या शब्दावर ठरणार नाही. ते ठरेल आजींच्या पुटपुटण्यावर आणि त्याहूनही अधिक आईच्या त्या एका वाक्यावर.

रोग आणि दुखणे

आजाराला माणसे कोणता अर्थ देतात आणि त्या अर्थानुसार कशी वागतात, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला वैद्यकीय मानवशास्त्र म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठातील मनोविकारतज्ज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९७०च्या दशकात तैवानमध्ये रुग्णांचा व उपचारकांचा बारकाईने अभ्यास केला आणि एक महत्त्वाचा भेद मांडला. आपल्या भाषेत सांगायचे तर तो 'रोग' आणि 'दुखणे' यांतला भेद आहे. रोग म्हणजे शरीरात झालेला बिघाड. दुखणे म्हणजे तो बिघाड सोसताना माणसाच्या वाट्याला येणारे सारे काही: भीती, लाज, खर्च, शेजाऱ्यांच्या नजरा, 'माझ्याच वाट्याला हे का?' हा प्रश्न. डॉक्टर रोग तपासतात. घर दुखणे जगते. दोघे एकाच रुग्णाविषयी बोलत असतात, पण पुष्कळदा त्यांचे बोलणे एकमेकांपर्यंत पोहोचतच नाही.

लियाची गोष्ट

ते पोहोचले नाही तर काय होते, याचे एक उदाहरण जगभरच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आज शिकवले जाते. लाओसमधील युद्धानंतर देशोधडीला लागलेले एक हमोंग कुटुंब अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी येऊन राहिले. १९८२ मध्ये तेथे त्यांना लिया ली ही मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना मोठ्या बहिणीने दार जोरात आपटले आणि त्याच सुमारास लियाला पहिली आकडी आली. आईवडिलांच्या समजुतीप्रमाणे त्या आवाजाने दचकून बाळाचा आत्मा देह सोडून गेला होता. आत्म्याला हाक मारून परत आणणे हा त्यावरचा त्यांचा उपाय. शिवाय हमोंग समाजात आकडी येणाऱ्या माणसाला थोडा मानही असतो. पुढे तो देवऋषी होऊ शकतो असे मानतात. त्यामुळे त्यांच्या मनात चिंता होती, तसाच किंचित अभिमानही होता.

रुग्णालयातील डॉक्टर तळमळीचे होते. त्यांनी चार वर्षांत लियाची औषधे २३ वेळा बदलली. पण आईवडिलांना इंग्रजी येत नव्हते, बाटल्यांवरची अक्षरे वाचता येत नव्हती आणि पुरेसे दुभाषे नव्हते. काही औषधांनी मुलीचे बिघडतेच आहे असे वाटून ते मात्रा चुकवत. शेवटी डॉक्टरांच्या तक्रारीवरून न्यायालयाने लियाला काही काळ दुसऱ्या कुटुंबात ठेवले. ती घरी परतल्यानंतर १९८६च्या नोव्हेंबरमध्ये तिला भीषण झटका आला. रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गाचाही त्यात मोठा वाटा होता, म्हणून सारा दोष चुकलेल्या औषधांवर ढकलता येत नाही. मेंदू मात्र कायमचा निकामी झाला. ती आता काही दिवसांचीच सोबती, असे डॉक्टरांना वाटले. आईवडिलांनी तिला घरी नेले, न्हाऊमाखू घातले, पाठीशी बांधून फिरवले. लिया २०१२ पर्यंत जगली.

अ‍ॅन फॅडिमन यांनी १९९७ मध्ये या घटनेवर पुस्तक लिहिले. ते वाचताना मनाला लागते ते हे, की यात खलनायक कुणीच नाही. मुलीवर दोन्ही बाजूंची माया होती. पण 'तुमच्या मते हे कशाने झाले?' हा साधा प्रश्न आईवडिलांना वेळेवर आणि त्यांच्या भाषेत कुणी विचारला नाही.

आपल्या घरातली आकडी

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडेही आकडी, फेफरे, मिरगी, अपस्मार असे अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचे वजन आहे. 'अपस्मार' म्हणजे स्मृती हरपणे. आयुर्वेदाने त्याला रोग म्हणून ओळखले, त्यावर चिकित्साही सांगितली. नटराजाच्या पायाखाली दबलेल्या पुरुषाचे नावही अपस्मारच. म्हणजे एकाच परंपरेत हा शब्द वैद्याकडेही आहे आणि देवळातही. चपलेचा वास देण्याची रूढी का टिकली, याचेही उत्तर सोपे आहे. बहुतेक वेळा आकडी एक-दोन मिनिटांत आपोआप थांबते. श्रेय मात्र चपलेला मिळते.

खरे नुकसान चपलेपेक्षा लपवाछपवी करते. १९७६च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी आकडी ही विवाहातील बाधा ठरवली गेली होती. १९९९ मध्ये कायद्याने ते शब्द पुसले. मनांवरून ते अजून पुसलेले नाहीत. स्थळ मोडेल या भीतीने मुलीचा आजार लपवला जातो. लग्नानंतर सासरी गोळ्या दिसू नयेत म्हणून तीच त्या बंद करते. जागरण आणि चुकलेल्या गोळ्या ही आकडी परत येण्याची ठळक कारणे. आणि लग्नाच्या धामधुमीत नेमके हेच दोन्ही घडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि योग्य निदान व उपचार मिळाले तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक आकडीविना जगू शकतात. या संधीच्या आड आजारापेक्षा आपली लाजच अधिक येते.

तुम्ही काय करू शकता?

पुढच्या वेळी दवाखान्यात जाल तेव्हा लक्षणांबरोबर तुमची समजूतही सांगा. घरी या दुखण्याला काय म्हणतात, ते कशाने झाले असे वाटते, कोणती भीती सर्वाधिक आहे, अंगारा, काढा किंवा उपवास चालू आहे का, हे मोकळेपणाने बोला. क्लाइनमन डॉक्टरांना रुग्णाला जे प्रश्न विचारायला सांगतात, ते साधारण असेच आहेत. डॉक्टर हसतील अशी शंका बाळगू नका. न सांगितलेला काढा औषधाशी झगडू शकतो, आणि न सांगितलेली भीती गोळी बंद पाडते. देवाला नवस बोलायला हरकत नाही. मात्र त्यासाठी गोळी चुकवू नका. मूल हवे असेल तर आधीच डॉक्टरांशी बोला, कारण काही औषधे गर्भाला अपायकारक ठरतात. पण स्वतःहून कोणतेही औषध थांबवू नका.

आणि कुणाला आकडी आलीच, तर घड्याळ पाहा. आजूबाजूच्या कठीण वस्तू दूर करा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा, झटके ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवा. तोंडात काहीही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. आकडी पाच मिनिटांपेक्षा लांबली, शुद्ध न येता पुन्हा आली, पहिल्यांदाच आली किंवा रुग्ण गर्भवती असेल, तर तातडीने रुग्णालय गाठा.

त्या लग्नघरातील आईला दोष देणे सोपे आहे. पण तिला तसे बोलावेसे वाटले, याला पंगतीतील प्रत्येक जण थोडाफार जबाबदार होता. "मुलीला आकडीचा त्रास आहे, औषध चालू आहे," एवढे तिला चारचौघांत निर्धास्तपणे म्हणता यावे, यासाठी डॉक्टर असण्याची गरज नाही. त्या पंगतीत बसलेले तुम्ही-आम्हीच ते करू शकतो.