स्त्री-पार्ट आणि न ऐकलेले गळे
आपल्या शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात बोहाड्यात देवीच्या मुखवट्यामागे पुरुष नाचतो, त्याचं कुणाला नवल वाटत नाही. संगीत नाटकात मात्र मुखवटाच नव्हता. १९११ साली ‘मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी झाले. पुढे त्यांचं साडी नेसणं, दागिने घालणं घरंदाज बायका उचलू लागल्या. बाईपण शिकायचं, तेही पुरुषाकडून! युरोपातही पोपच्या रोममध्ये स्त्रियांना रंगमंच बंद होता. ऑपेरातल्या नायिका पुरुषच गात. म्हणजे दोन्हीकडे ही कला बंदीच्या सावलीत वाढली. नंतर हिराबाई बडोदेकरांसारख्या गायिका स्वतः नायिका म्हणून उभ्या राहिल्या. तेव्हा बालगंधर्वांना मनापासून दाद देताना आपण एवढं विचारू या: त्याआधी जे गळे रंगमंचापर्यंत पोचलेच नाहीत, त्यांचं काय?