फर्निचरच्या कुलपाचे सीमाशुल्क वर्गीकरण

परदेशातून येणाऱ्या मालावर किती सीमाशुल्क आकारायचे, हे त्या मालाला लागू पडणाऱ्या सांकेतांकावरून ठरते. हा सांकेतांक ज्या पद्धतीने दिला जातो ती ‘हार्मोनाइज्ड सिस्टिम’ १ जानेवारी १९८८ पासून अमलात असून, जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या देखरेखीखाली चालणारी ही पद्धत आज दोनशेहून अधिक देश व प्रदेश वापरतात. सांकेतांकाचे पहिले दोन अंक प्रकरण, पहिले चार शीर्षक आणि पहिले सहा उपशीर्षक दाखवतात. हे सहा अंक सर्वत्र सारखे असतात, तर पुढील अंक प्रत्येक देश आपापल्या गरजेनुसार जोडतो, म्हणून भारतात सांकेतांक आठ अंकी, तर अमेरिकेत दहा अंकी असतो.

टेबलाच्या खणाला बसवण्याचे, जस्ताच्या मिश्रधातूचे छोटे कुलूप घेतले, तर या वर्गीकरणाची रीत स्पष्ट होते. पहिला प्रश्न द्रव्याचा. प्रकरण ८३ मध्ये सामान्य धातूंच्या, म्हणजे सोने, चांदी, प्लॅटिनम असे मौल्यवान धातू वगळून लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, जस्त इत्यादींच्या, किरकोळ वस्तू येतात. तेच कुलूप प्लॅस्टिकचे असते, तर ते प्रकरण ३९ मध्ये गेले असते. दुसरा प्रश्न रचनेचा. शीर्षक ८३०१ मध्ये किल्लीने, अंकांच्या किंवा अक्षरांच्या जुळणीने अथवा विजेवर चालणारी कुलपे मोडतात. किल्ली नसलेली साधी कडी किंवा खिट्टी ही बिजागऱ्यांसोबत शीर्षक ८३०२ मध्ये जाते. तिसरा प्रश्न प्रकाराचा. लटकवण्याचे कुलूप ८३०१.१०, मोटारगाडीचे ८३०१.२०, फर्निचरसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकारचे ८३०१.३० आणि दरवाजाच्या कुलपासह उरलेली सारी कुलपे ८३०१.४० अशी विभागणी आहे. येथे पाहायचे ते कुलपाची घडण, आकार आणि बसवण्याची तऱ्हा. एखाद्या ग्राहकाने ते पुढे भलत्याच ठिकाणी बसवले, तरी त्याचा प्रकार बदलत नाही. कुलपासोबत आलेल्या किल्ल्या कुलपातच धरल्या जातात, पण नुसत्या किल्ल्या आल्या तर त्यांना ८३०१.७० आणि कुलपाच्या सुट्या भागांना ८३०१.६० लागू होतो.

सर्वाधिक गफलत होते ती फर्निचरच्या प्रकरण ९४ बाबत. कुलूप कपाटालाच लागणार, तेव्हा ते फर्निचरचा सुटा भाग ठरावे, असा तर्क सहज सुचतो. परंतु त्या प्रकरणाच्या पहिल्याच टिपेने सामान्य धातूचे ‘सर्वसाधारण वापराचे भाग’ वगळले आहेत, आणि प्रकरण ८३ ज्यात येते त्या विभाग १५ च्या दुसऱ्या टिपेतील व्याख्येनुसार शीर्षक ८३०१ ची कुलपे त्यांतच मोडतात. म्हणून सुटे आलेले कुलूप प्रकरण ८३ मध्येच राहते. याउलट, कुलूप बसवलेले पोलादी कपाट आयात झाले, तर ते कुलपासह शीर्षक ९४०३ मध्ये जाते, कारण सीमेवर वस्तू ज्या रूपात हजर होते त्या रूपाचेच वर्गीकरण करायचे असते. वर्गीकरणाच्या सहा सर्वसाधारण नियमांपैकी पहिलाच नियम सांगतो की निर्णय शीर्षकांच्या शब्दांवरून आणि टिपांवरून व्हावा. प्रकरणांची नावे केवळ सोयीसाठी असतात.

भारतात या सांकेतांकांनुसारचे शुल्कदर सीमाशुल्क दरपत्रक अधिनियम, १९७५ च्या पहिल्या अनुसूचीत दिलेले आहेत, आणि २०११ पासून आयातदाराने ‘बिल ऑफ एंट्री’मध्ये स्वतःच सांकेतांक लिहून शुल्काचे निर्धारण करायचे असते. सांकेतांक चुकला आणि त्यामुळे शुल्क कमी भरले गेले, तर फरकाची रक्कम व्याजासह भरावी लागते, आणि माहिती जाणूनबुजून खोटी दिल्याचे ठरल्यास दंडही होतो. त्यामुळे शंका असेल तेथे माल मागवण्यापूर्वीच अग्रिम निर्णय घ्यावा. त्यासाठीचे प्राधिकरण मुंबईत व दिल्लीत आहे आणि त्याचा निर्णय अर्जदारावर तसाच त्याच्या बाबतीत सीमाशुल्क अधिकाऱ्यांवरही बंधनकारक असतो. न्हावा-शेवा बंदरातून माल सोडवणाऱ्या लहान व्यापाऱ्याने सांकेतांकाचे काम सर्वस्वी दलालावर सोपवण्याऐवजी शीर्षक आणि टिपा स्वतः वाचाव्यात. शब्द सर्वांना सारखेच लागू असल्याने, मोठ्या कंपनीसमोर आणि सीमाशुल्क कार्यालयासमोर आपली बाजू मांडण्याचे बळ त्याला त्या वाचनातूनच मिळते.