कुपीतलं ईजीएफ: गैरसमज आणि वस्तुस्थिती

एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर, म्हणजेच ईजीएफ, पेशी वाढवणाऱ्या प्रयोगशाळांमध्ये नेहमी लागतं. लेबलवर ‘ह्यूमन’ लिहिलेलं असल्याने ते माणसाच्या रक्तातून काढतात, असा अनेकांचा समज असतो. पूर्वी मानवी ईजीएफ मूत्रातून वेगळं केलं गेलं होतं, हे खरं. आज मात्र ते बहुधा ई. कोलाय जिवाणूंकडून तयार करून घेतात. जनुक माणसाचं, प्रथिन घडवतो जिवाणू. त्यात ५३ अमिनो आम्लं आणि तीन डायसल्फाइड बंध असतात. हे बंध योग्य जागी जुळले नाहीत, तर प्रथिन शुद्ध असूनही कुचकामी ठरतं.

ईजीएफ म्हणजे उंची वाढवणारं ग्रोथ हार्मोनही नव्हे. ते हार्मोन पियुषिका ग्रंथीतून येतं आणि १९१ अमिनो आम्लांचं असतं. स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधी उघडले आणि दातही लवकर आले. त्या निरीक्षणातून ईजीएफ हाती लागलं. १९८६ साली कोहेन यांना रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासोबत नोबेल मिळालं.

‘जास्त घातलं की पेशी जास्त वाढतात’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. एरवी एक मिलिलिटर माध्यमाला १० ते २० नॅनोग्रॅम पुरतात. ए-४३१ या कर्कपेशींवर ईजीएफचे ग्राही प्रचंड संख्येने असतात. इतर पेशींना जोर देणाऱ्या मात्रेनेच त्यांची वाढ खुंटते. पेशी कोणती, हे पाहिल्याशिवाय मात्रा ठरवूच नये.

कुपी रिकामी दिसली म्हणून विक्रेत्याकडे तक्रार करण्याची घाई नको. शंभर मायक्रोग्रॅम कोरडं प्रथिन काचेवर जेमतेम पापुद्र्याएवढं दिसतं, कधी झाकणालाही चिकटलेलं असतं. उघडण्याआधी कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडा वेळ फिरवावी, माहितीपत्रकाप्रमाणे विरघळवावं आणि छोटे छोटे भाग करून गोठवावेत. पुन्हा पुन्हा वितळवलं तर प्रथिनाचा जोर ओसरतो.

मधुमेही पायाच्या जखमांसाठी ईजीएफचं जेल भारतात औषध म्हणून आलेलं आहे, त्यामुळे प्रयोगशाळेतली कुपीही चालेल असं कुणाला वाटू शकतं. अजिबात चालणार नाही. या कुपीची औषध म्हणून तपासणी झालेली नसते, त्यात जिवाणूंचं एंडोटॉक्सिन उरलेलं असू शकतं. ‘फक्त संशोधनासाठी’ ही सूचना पाळा आणि जखमेसाठी डॉक्टरांकडेच जा.