ई-मेल : स्क्रिप्टद्वारे प्रेषण

सर्व्हरवर ठराविक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने, माणसाच्या हस्तक्षेपाशिवाय, कमांड लाइनवरील आज्ञेच्या साहाय्याने ई-मेल पाठविण्याची पद्धती. समजा, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या (स्थापना १९६९) संस्थेतील एखादा सर्व्हर रोज पहाटे पर्जन्याचे आकडे अमरावतीच्या एखाद्या कार्यालयास कळवितो आणि तबकडी भरत आली, तर तशी सूचनाही धाडतो. आकडे रोजचे असल्याने ते न आल्याचे लक्षात येते. सूचना मात्र क्वचितच यावयाची असते व तिचे न येणे हे सर्व ठीक असल्याचे लक्षण मानले जाते. या पद्धतीचा मोठा धोका तोच होय.

ई-मेलच्या देवघेवीचे एसएमटीपी हे संकेत जॉनथन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये ग्रथित केले. त्यांत प्रेषकाची ओळख पटविण्याची तरतूद नव्हती. पोस्टकार्डावर कोणाचेही नाव घालावे, तसा हा प्रकार होता. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या प्रेषक-प्रणालीतील चाचणीसाठी ठेवलेली सोय नोव्हेंबर १९८८ मधील मॉरिस वर्मने शिरकावासाठी वापरली. ओळख पटविणे व मार्ग सांकेतिक करणे (टीएलएस) यांची जोड १९९९ मध्ये मिळाली.

स्क्रिप्टने पत्र संस्थेच्या अधिकृत मेल-सर्व्हरकडे ५८७ वा ४६५ या पोर्टवरून सोपवावे आणि त्या सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासावे. परवलीचा शब्द आज्ञेतच लिहिणे ही नेहमीची चूक होय. चालू प्रक्रियांच्या यादीत तो इतर वापरकर्त्यांनाही दिसू शकतो. तो केवळ मालकास वाचता येईल अशा फाइलीत (अनुमती ६००) ठेवतात. स्क्रिप्टसाठी स्वतंत्र खाते असल्यास, शब्द फुटला तरी तेवढेच खाते बंद करता येते.

बाहेरून आलेला मजकूर अधिक घातक ठरतो. विषयाच्या ओळीत नवी ओळ घुसविल्यास भलतेच प्राप्तकर्ते जोडले जातात. संयोगचिन्हाने सुरू होणारा पत्ता आज्ञेचा पर्याय समजला जातो. डिसेंबर २०१६ मध्ये पीएचपीमेलर या प्रणालीत असाच दोष उघडकीस आला. प्रेषकाच्या पत्त्यातील मजकूर सेंडमेलचा पर्याय बनून सर्व्हरचा ताबा परक्याकडे जाऊ शकत असे.

आज्ञा यशस्वी झाली याचा अर्थ पुष्कळदा पत्र रांगेत लागले इतकाच असतो. एमएसएमटीपी या लहान प्रणालीस रांग नसते. ती अपयश तत्काळ कळविते, परंतु पत्र राखून ठेवीत नाही. पावसाळ्यात जोडणी वारंवार तुटते तेथे पोस्टफिक्ससारखी रांग असलेली प्रणाली बरी. प्राप्तकर्त्याचा सर्व्हर एसपीएफ, डीकेआयएम व डीमार्क या नोंदी पडताळतो. गूगल व याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना त्या फेब्रुवारी २०२४ पासून आवश्यक केल्या. मूक बिघाड ओळखण्यासाठी ‘सर्व ठीक’ असेही पत्र रोज पाठविण्याची प्रथा आहे.