घरच्या भट्टींत पोलादाचें पाणी

कोयत्याला किंवा पटाशीला ‘पाणी देणें’ हा शब्दप्रयोग आपल्या भाषेंत इतका रुळला आहे, कीं त्यामागील क्रियेचा विचार आपण क्वचितच करतों. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेच्या खड्गलक्षणाध्यायांत शस्त्रांस पाणी देण्याचीं नाना द्रव्यें सांगितलीं आहेत. केळीचा क्षार मिसळलेलें ताक हें त्यांतलेंच. ताप अंशांनीं मोजण्याचें साधन मात्र त्या काळीं नव्हतें. तें काम लोहाराच्या डोळ्याचें.

हा डोळा फसतो. अंधाऱ्या कोपऱ्यांत जी लाली झळाळते, तीच दुपारच्या उजेडांत काळसर दिसते. साधें कार्बनयुक्त पोलाद सुमारें ७२७ अंश सेल्सिअसच्या पुढें गेलें म्हणजे त्याची अंतर्रचना बदलूं लागते. पातें कडक करावयाचें तर तें ७८० ते ८०० अंशांपर्यंत न्यावें लागतें. कमी तापलें तर धार वळते, फार तापलें तर कण मोठे होऊन पातें ठिसूळ होतें. म्हणून हल्लीं कित्येक हौशी कारागीर घरींच विजेची भट्टी बांधतात. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें अशी भट्टी बांधली, ती आम्हीं जवळून पाहिली आहे.

बांधणी अवघड नाहीं. भट्टीसाठीं मिळणाऱ्या हलक्या, सच्छिद्र विटा साध्या करवतीनें कापतां येतात. मात्र कापतांना नाकावर मुखपट्टी हवीच. विटांच्या आंतल्या अंगास खांचा पाडून त्यांत लोह, क्रोमियम व ॲल्युमिनियम यांच्या मिश्रधातूची तार वेटोळें करून बसवितात. हिशेब शाळकरी आहे : २३० व्होल्टांवर १० अँपिअर हवे असतील तर रोध २३ ओहम, १.३ मिलिमीटर जाडीच्या तारेचा रोध मीटरला सुमारें १.१ ओहम, म्हणजे २१ मीटर तार लागेल. एकदां लाल झालेली तार ठिसूळ होते, म्हणून तिची सगळी मांडणी आधींच नीट करावी. जुन्या पुस्तकांत ॲस्बेस्टॉसचा पत्रा लावा असें सांगितलेलें आढळेल. त्याच्या तंतूंनीं कर्करोग होतो, हें आतां सिद्ध आहे. तो घरांत आणूंच नये.

ताप मोजावयास दोन भिन्न मिश्रधातूंच्या तारांची जोडी असते. ८०० अंशांस ती जेमतेम ३३ मिलिव्होल्ट दाब देते, आणि तेवढ्यावर नियंत्रक भट्टीची वीज चालू-बंद करतो. खरी गोम येथेंच आहे. नियंत्रकाच्या हुकमानें वीज सोडणारा सॉलिड स्टेट रिले बिघडला, तर बहुधा बंद न होतां चालूच राहतो. मग भट्टी तापतच जाते. मालक जेवावयास बसला असेल तर त्यास पत्ताहि लागत नाहीं. यासाठीं दुसरा स्वतंत्र तापमापक व त्याच्या हुकमानें वीज प्रत्यक्ष तोडणारा यांत्रिक खटका हवा. दार उघडतांच भट्टीच्या दोन्ही तारांची वीज तुटली पाहिजे. नाहींतर पातें काढतांना चिमटा उघड्या वेटोळ्यास लागेल, आणि पुढचें सांगावयास नको. भट्टीची लोखंडी पेटी जमिनीस जोडलेली असावी. हा खर्च टाळून भट्टी बांधणाऱ्यानें ती बांधूंच नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. घरांत लहान मुलें असतात.

आतां पाण्याविषयीं. पातें पातळ असेल तर थंड पाण्यांत तडकण्याची भीति असते. किंचित् कोमट तेल बरें. तें लोखंडी भांड्यांत, झाकण हाताशीं ठेवून घ्यावें; पेटलें तर पाणी ओतूं नये, झाकण घालावें. बाहेर काढलेल्या पात्यावर कानस घसरली तर तें कडक झालें असें समजावें. पण तें आतां कांचेसारखें असतें. तें तेल पुसून लगेच २०० अंशांवर दोन तास ठेवावें. भट्टी तोंवर निवलेली नसते, म्हणून पुष्कळ जण स्वयंपाकघरांतला ओव्हन वापरतात. त्यास गृहिणीची अनुमति आधीं घ्यावी.